तालमीत मोहम्मद अलीचा फोटो लावायचा का?

कृष्णाकाठ
मंडळी, नमस्कार.

आमचं गाव कराड तालुक्यातलं. तालीम जुनी आहे. लाल मातीचा हौदा, भिंतीवर मारुतीराया, त्याच्या शेजारी खाशाबा जाधव आणि हिंदकेसरी मारुती माने. अलीकडे तालमीच्या मागच्या खोलीत बॉक्सिंगही चालतं. गावातलेच एक निवृत्त हवालदार शिकवतात. चिंध्या आणि लाकडाचा भुसा भरलेली बॅग आढ्याला टांगलेली आहे. संध्याकाळी पोरं येतात, आता काही पोरीही येतात.

या पोरांनी वर्गणी काढून अमेरिकेचा बॉक्सर मोहम्मद अली याचा मोठा फोटो फ्रेम करून आणलाय. मागच्या खोलीत नको, पुढे हौद्याच्या भिंतीवर लावायचा, असा त्यांचा हट्ट आहे. वस्ताद म्हणाले, "बघू." गावात लगेच दोन तट पडले. परदेशी माणूस कशाला, असं काही जण म्हणतात. दुसऱ्यांचं म्हणणं जास्त टोकदार आहे: आमच्या तालमीतून दरवर्षी पोरं भरतीला जातात, मग सैन्यात जायला नकार देणाऱ्याचा फोटो तिथे कसा शोभेल?

माझं मत स्पष्ट आहे. लावावा. व्हिएतनाम युद्ध चालू असताना, २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनच्या भरती केंद्रात त्याचं नाव पुकारलं आणि त्याने पाऊल पुढे टाकलं नाही. वय पंचवीस, जगज्जेता, तोवर एकही लढत हरलेला नाही. किताब काढून घेतला, खेळण्याचे परवाने गेले, पासपोर्ट गेला. साडेतीन वर्षं रिंगबाहेर बसला. पैलवानाची पंचवीस ते अठ्ठावीस ही वर्षं म्हणजे काय, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. ती त्याने जाणूनबुजून सोडली.

तुम्हाला काय वाटतं?

माणदेशी_गडी
लावा की राव. मारुतीराया कुठं हरकत घ्यायला आलाय!

सुभेदार_निवृत्त
माझा विरोध नोंदवून ठेवा.

बॉक्सर म्हणून त्याला तोड नाही, त्याबद्दल वाद घालत नाही. पण आमचं गाव अपशिंगे मिलिटरीच्या शेजारचं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं गेली, गावात त्यांचं स्मारक आहे. आजही तिथे वर्दी नसलेलं घर शोधावं लागतं. भरतीला निघालेलं पोरगं पहाटे तालमीत जाऊन हात जोडतं आणि मग एसटी पकडतं. त्याच्या नजरेसमोर कोण असावं, एवढाच माझा प्रश्न आहे.

बॉक्सिंगचाच फोटो हवा तर लांब जाऊ नका. वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर घ्या. ईएमईचा, म्हणजे सैन्याच्या यंत्रं-वाहनं दुरुस्त करणाऱ्या दलाचा जवान, सैन्यात बॉक्सिंग खेळायचा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचा भाग निकामी झाला. बॉक्सिंग संपलं. पठ्ठ्या पोहायला लागला आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला सुवर्ण घेऊन आला. ३७.३३ सेकंद, तेव्हाचा विश्वविक्रम. पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक आपल्या मातीतलं आहे. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं.

येडेमच्छिंद्रकर
सुभेदार काका, तुमच्या वर्दीचा मान राखून लिहितो.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सरकारचा हुकूम मोडणाऱ्यांच्या नावाने चौक आहेत. क्रांतिसिंह नाना पाटलांनी प्रतिसरकार चालवलं. १९४३ मध्ये शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी लुटली गेली, तेव्हा तोही कायद्याने गुन्हाच होता. त्याच काळात इथलीच पोरं ब्रिटिशांच्या फौजेत लढत होती. आपण दोघांनाही मानतो. एकाला मान दिला म्हणून दुसऱ्याचा उतरत नाही.

आणि अली पळून गेला नव्हता. सीमा ओलांडून कॅनडात जाणारे पुष्कळ होते. हा घरीच राहिला आणि कोर्टात उभा राहिला. पाच वर्षं कैद आणि १०,००० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. अपील चालू होतं म्हणून तुरुंगात जावं लागलं नाही एवढंच. २८ जून १९७१ ला सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध शून्य मतांनी ती शिक्षा रद्द केली. दुसऱ्या महायुद्धात जो लुई या जगज्जेत्याने वर्दी घालून सैनिकांसमोर प्रदर्शनी लढती केल्या होत्या. तसा सोपा रस्ता अलीने धरला नाही.

सुभेदार_निवृत्त
नाना पाटील परक्या सरकारशी लढले. आपल्याच देशाच्या सैन्याला नाही म्हणणं वेगळं. त्याच्या जागी दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा व्हिएतनामला गेलाच असेल ना? त्या आईचाही विचार करा.

येडेमच्छिंद्रकर
हा मुद्दा मानतो, काका. त्यावर चटकन उत्तर देता येणार नाही. पण ते सरकार त्याला कितपत आपलं होतं हेही बघा. तो ज्या लुइव्हिलमध्ये वाढला, तिथे काळ्या माणसाला अनेक हॉटेलांत बसून खाताही येत नव्हतं. १९६० ला रोमहून ऑलिंपिक सुवर्ण घेऊन अठरा वर्षांचा पोरगा घरी आला, तेव्हाही गाव तेच होतं.

आपल्या खाशाबांचं आठवा. १९५२ ला हेलसिंकीहून कांस्य आणलं, तर कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सरकारने हात आखडता घेतला असेल, पण गावाने त्यांना डोक्यावर घेतलं.

वस्तादाचा_नातू
राजकारण बाजूला ठेवतो, खेळावर लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या कुस्ती आहे आणि अली-फोरमनची किन्शासाची लढत मी कुस्तीवाल्याच्या डोळ्यांनी बघतो.

३० ऑक्टोबर १९७४. झैरेत, म्हणजे आताच्या काँगोत, पहाटे चार वाजता लढत सुरू झाली. जॉर्ज फोरमन पंचवीस वर्षांचा, चाळीस लढतींत चाळीस विजय, त्यातले सदतीस नॉकआउट. ज्या फ्रेझरने आणि नॉर्टनने अलीला हरवलं होतं, त्या दोघांना त्याने दोन-दोन राऊंडमध्ये झोपवलेलं. अली बत्तीस वर्षांचा. त्याच्याच कोपऱ्यातली माणसं घाबरलेली होती.

पहिल्या राऊंडमध्ये अलीने उजव्या हाताचे थेट ठोसे मारून बघितले. फोरमन हलला नाही. दुसऱ्या राऊंडपासून अली दोरांना पाठ लावून उभा. दोन्ही मुठी गालांपाशी, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, कमरेतून मागे झुकलेला. फोरमन पूर्ण ताकदीने हाणतोय आणि मार बसतोय तो दंडांवर, खांद्यांवर, कोपरांवर. दोर सैल होते, त्यामुळे अलीचं डोकं मागे जायला जागा होती. लोक एवढंच बघतात. पुढचं नीट बघा. फोरमन जवळ आला की अली त्याच्या मानेवर हात टाकून मान खाली दाबतो आणि स्वतःचं वजन त्याच्यावर सोडतो. खडाखडीत आपले जुने पैलवान हेच करायचे. मानेवर हात टाकून ओझं द्यायचं, पुढच्याला ते पेलायला लावायचं. दम छातीतून जायच्या आधी मानेतून जातो, असं आजोबा म्हणायचे.

पाचव्या राऊंडनंतर फोरमनचे हात बघा, ठोसा मारून परत यायला उशीर लागतो. आठव्यात अली दोरावरून सुटला, डाव्या-उजव्याची जोडी घातली आणि फोरमन गोल फिरत खाली. पडताना मारायला अलीचा उजवा हात तयार होता, पण त्याने तो मारला नाही. त्याची गरज नव्हती.

ताकदवानाला त्याच्याच ताकदीने दमवणं ही तालमीतली विद्या आहे. फोटो हौद्यावर लावायला मला एवढं कारण पुरे.

माणदेशी_गडी
नातू, एक नंबर लिहिलंय. जेवण गार झालं वाचता वाचता, घरचे ओरडतायत.

बेदाणा_तासगाव
फोटो लावायचाच असेल तर जो फ्रेझरचा लावा. मी गंमत करत नाही.

दक्षिण कॅरोलिनात वाट्याने शेती करणाऱ्याचा मुलगा. फिलाडेल्फियात कत्तलखान्यात काम करायचा, टांगलेल्या मांसावर ठोसे मारून सराव करायचा. १९६४ ला टोकियोत अंगठा मोडलेला असताना ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. अली बंदीत होता तेव्हा याने त्याला पैसे दिले, परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकला. आणि अलीने काय केलं? लढत ठरल्यावर त्याला गोऱ्यांचा गुलाम म्हणाला, गोरिला म्हणाला, एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. फ्रेझरच्या मुलांना शाळेत ते ऐकून घ्यावं लागलं. ज्याने अडचणीत हात दिला त्याच्याशी असं वागणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात ते इथे लिहित नाही.

८ मार्च १९७१, न्यूयॉर्क. दोघंही अपराजित, दोघांनाही २५ लाख डॉलर. पंधराव्या राऊंडमध्ये फ्रेझरचा डावा हूक बसला आणि अली आडवा. निकाल फ्रेझरच्या बाजूने. लोक किन्शासाच सांगतात, ही रात्र कुणी सांगत नाही.

कृष्णाकाठ
दादा, ही रात्र मी सांगतो. त्या हूकने अलीचा जबडा बघता बघता सुजला, आणि तरी तो तीन-चार सेकंदांत उभा राहिला. तीन मिनिटं संपेपर्यंत उभा होता.

फ्रेझरशी तो वाईट वागला, यात माझा काहीही बचाव नाही. २००१ मध्ये त्याने वर्तमानपत्रातून माफी मागितली, फार उशिरा. २०११ ला फ्रेझर गेला तेव्हा आजारी अवस्थेत अंत्ययात्रेला गेला होता. फ्रेझरचं मन त्याने भरलं असेल असं वाटत नाही.

बेदाणा_तासगाव
दोघांची मनिलाची लढतही सांगा मग. १ ऑक्टोबर १९७५. चौदा राऊंड त्या उकाड्यात. फ्रेझरचा एक डोळा पूर्ण मिटलेला, दुसऱ्याने आधीपासूनच कमी दिसायचं. तरी तो पंधराव्याला उठत होता. त्याचे वस्ताद एडी फच यांनी खांद्यावर हात ठेवून बसवलं. पोराचा जीव किताबापेक्षा मोठा मानणारा वस्ताद. खरं तर त्या फच यांचाच फोटो लावला पाहिजे प्रत्येक तालमीत.

मिरजेची_डॉक्टर
बेदाणा यांच्या शेवटच्या वाक्यासाठी लॉगिन केलं.

अलीच्या जवळ असा माणूस नव्हता असं नाही. त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी १९७७ मध्ये शेव्हर्सविरुद्धच्या लढतीनंतर थांबायला सांगितलं. किडनीच्या तपासण्या बिघडलेल्या होत्या. ऐकलं नाही, तेव्हा ते बाजूला झाले. त्यानंतर १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सकडून हरला, त्याच वर्षी त्याला हरवून तिसऱ्यांदा जगज्जेता झाला. तिथे थांबता आलं असतं. २ ऑक्टोबर १९८० ला लॅरी होम्सपुढे उभा राहिला, वय अडतीस. दहा राऊंड नुसता मार खाल्ला, मग त्याचे वस्ताद अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली. तरीही डिसेंबर १९८१ ला बहामाजमध्ये आणखी एक. एकूण ६१ लढती, ५६ विजय, ५ पराभव. १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं. त्या आजारात ठोशांचा वाटा किती यावर डॉक्टरांमध्ये मतभेद राहिले. पण डोक्याला वारंवार मार बसून मेंदू कायमचा बिघडतो, हे १९२८ मध्येच मार्टलँड नावाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय.

नातू यांनी किन्शासाचं वर्णन सुंदर केलं. पण "मार हातांवर बसला" हे अर्धंच खरं. बराच बरगड्यांवर आणि डोक्यावरही बसला. आणि सरावात तो मुद्दाम जोडीदारांकडून मार खाऊन घ्यायचा, अंगाला सवय व्हावी म्हणून. मार खायची सवय मेंदूला लागत नाही. फोटोखाली पोरं रोज सराव करणार असतील तर हे त्यांना कुणीतरी सांगितलं पाहिजे. फोटोपेक्षा मला त्या मागच्या खोलीत काय चालतं याची काळजी जास्त आहे. हेडगार्ड आहेत का?

जॅब_क्रॉस
मी त्याच तालमीतली. फोटोची वर्गणी गोळा करणाऱ्यांत मीही आहे. अकरावीत आहे.

पोरांना किन्शासा आवडतं. मला त्याची सायकलची गोष्ट आवडते. बारा वर्षांचा होता, १९५४ साल, नवी सायकल चोरीला गेली. रडत पोलिसाकडे गेला आणि म्हणाला, चोर सापडला की बदडून काढतो. तो पोलीस, जो मार्टिन, तळघरात बॉक्सिंग शिकवायचा. म्हणाला, आधी मारायला तरी शीक. सुरुवात अशी झाली. घरात कुणी पैलवान नव्हतं, मुलगा नुसता चिडलेला होता.

दुसरं म्हणजे त्याचं बोलणं. मीच श्रेष्ठ, मीच देखणा, हे तो कॅमेऱ्यासमोर म्हणायचा. मोठ्यांना तो उद्धटपणा वाटतो. आम्हा मुलींना घरात, वर्गात, सगळीकडे हळू बोल असंच सांगतात. मी पहिल्यांदा शालेय स्पर्धेला गेले तेव्हा समोरची मुलगी राज्य खेळलेली होती. हाताला बँडेज गुंडाळताना, अंगठ्याच्या फासातून सुरू करून मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या मधून, तेवढा वेळ मी मनात तीच वाक्यं म्हणत होते. हरले, पण तिन्ही राऊंड उभी राहिले.

डॉक्टर, हेडगार्ड दोनच आहेत, आळीपाळीने घालतो. एकाचा पट्टा तुटलाय.

आणि हो, सुरुवातीला अलीलाही मुलींचं बॉक्सिंग पटत नव्हतं. त्याचीच मुलगी लैला जगज्जेती झाली, चोवीस लढती, एकही हरली नाही. हे मी पप्पांना सांगून झालंय.

माणदेशी_गडी
पप्पांचं काय उत्तर आलं?

जॅब_क्रॉस
"अभ्यास कर" म्हणाले. पण शूज आणून दिले.

वारणेचा_वाघ
एक शंका, कुणी उघड बोलत नाही म्हणून मी लिहितो. गावातल्या काहींना खरी अडचण धर्माची तर नाही ना?

कृष्णाकाठ
असेल एखाद्याला. पण आपल्याकडे जत्रेलाही मैदान होतं आणि उरुसालाही. नारळ फोडणारा आणि फातिहा देणारा एकाच हौद्यात उतरतो. आमच्या तालमीत तरी हे कारण कुणी पुढे केलं नाही, आणि केलं तर वस्ताद ऐकून घेणार नाहीत.

सातारकर_पुण्यात
अवांतर: अली भारतात येऊन गेलाय. जानेवारी १९८० मध्ये दिल्लीत त्याच्याशी चार राऊंडची प्रदर्शनी लढत खेळले ते कौर सिंग. पंजाबच्या संगरूर जिल्ह्यातले, आपल्याच सैन्यातले जवान. पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत हेवीवेट सुवर्ण. २०२३ मध्ये गेले. अली आणि कौर सिंग रिंगमध्ये समोरासमोर असलेला फोटो मिळतो. तो लावला तर वर्दीही आली आणि अलीही आला. सुभेदार काका?

सुभेदार_निवृत्त
कौर सिंगांचं नाव काढलंत, बरं वाटलं. त्यांचं म्हातारपण आजारपणात आणि तंगीत गेलं, हेही पोरांना सांगा. तो फोटो लावणार असाल तर माझी हरकत नाही. एकट्या अलीच्या फोटोला आहे.

येडेमच्छिंद्रकर
पण काका, पोरांनी त्यांच्या पैशाने जो आणलाय तो काढून ठेवायचा का? कपाटात गेलेला फोटो परत बाहेर येत नाही.

बेदाणा_तासगाव
कोणता फोटो आहे नक्की? अलीने खाली पाडलेल्या सनी लिस्टनच्या अंगावर ओरडणारा असेल तर मीही विरोधात. पडलेल्या माणसावर ओरडणारा फोटो तालमीत नको.

कृष्णाकाठ
नाही, तो नाही. पोरांनी १९९६ चा निवडलाय, अटलांटा ऑलिंपिकची ज्योत पेटवतानाचा. पांढरे कपडे, हातात मशाल, दुसरा हात थरथरतोय. फोटोत थरथर दिसत नाही, पण ज्याने ते बघितलंय त्याला माहीत आहे. मीही आधी त्यांना विचारलं, ठोसा मारतानाचा का नाही घेतला? एक पोरगा म्हणाला, ठोसे आम्ही रोज बघतो.

मिरजेची_डॉक्टर
हे ऐकून माझं मत झालं. लावा. आणि कुणी विचारलं की हात का थरथरतो, तर खरं काय ते सांगा.

बेदाणा_तासगाव
हा असेल तर माझी हरकत नाही. फ्रेझरचा मी माझ्या घरी लावीन.

वस्तादाचा_नातू
घरात विचारून लावा दादा.

कृष्णाकाठ
मंडळी, काल वस्तादांनी सगळ्यांना बोलावलं. इथल्या काही प्रतिक्रिया मी वाचून दाखवल्या, सुभेदार काकांच्या सगळ्या. वस्तादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, अलीचा हौद्याच्या भिंतीवर लावा, पण पेटकरांचा आधी लावा, आणि तोवर हा तसाच भिंतीला टेकून राहू द्या. पेटकरांच्या फोटोची वर्गणी तिथेच जमली. कौर सिंगांचा मागच्या खोलीत, बॅगेसमोर. वस्तादांनी एक अटही घातली: बॉक्सिंगवाल्यांनी आठवड्यातून एकदा हौदा खणायला यायचं. पोरं तयार आहेत. पोरींना हौद्यात उतरू द्यायचं का यावर मात्र अजून एकमत नाही, त्यावर वेगळा धागा काढतो.

सुभेदार काका, तुमचा विरोध बैठकीच्या वहीत लिहून घेतलाय.

डॉक्टर म्हणतात तसं हेडगार्डचं आधी बघायला हवं. सांगली किंवा पुण्यात चांगले कुठे मिळतात, कुणाला माहीत आहे का?

मिरजेची_डॉक्टर
हेडगार्डने जखमा टळतात, मेंदूला बसणारा हादरा टळत नाही, हे शिकवणाऱ्यांना सांगा. मोठ्या पुरुषांच्या हौशी स्पर्धांमधून २०१३ पासून ते काढूनच टाकलेत, पण सरावात मुलांनी घालायलाच हवेत. कुणाला चक्कर आली, उलटी झाली, डोकं दुखलं तर त्या दिवशी खेळ बंद आणि दवाखाना. बरं वाटलं तरी डॉक्टरने सांगितल्याशिवाय समोरासमोर खेळवायचं नाही. महिन्यातून एकदा रविवारी मी येऊन पोरांना तपासून जाईन. मिरज-कराड काही लांब नाही.

सुभेदार_निवृत्त
विरोध कायम आहे.

पुण्यात आमच्या जुन्या युनिटचा एक जण खेळाचं सामान पुरवतो. त्याच्याकडून चार हेडगार्ड घेऊन देतो, पैशाचं बघू नका. जॅब क्रॉस बाळा, सगळ्यांच्या डोक्याचा घेर टेपने मोजून पाठव, भुवईच्या एक बोट वरून. पोरींचा केस बांधून मोजायचा, नाहीतर सैल येतो. आणि त्या तुटक्या पट्ट्याचा हेडगार्ड आजपासून कुणीही घालायचा नाही.